क्रमवारी तुमची, खांदे आमच्या मुलांचे: जागतिक डान्सस्पोर्ट महासंघाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारी मंडळ सदस्य,
जागतिक डान्सस्पोर्ट महासंघ,
लोझान, स्वित्झर्लंड.

महोदय,
स. न. वि. वि.

मी कल्याणला राहते आणि एका पतसंस्थेत हिशेब तपासते. माझी मुलगी ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, करते. तुमच्या भाषेत ती 'खेळाडू' आहे, तिच्या मते ती बी-गर्ल, म्हणजे ब्रेकिंग करणारी मुलगी, आहे. नाचातलं मला फार कळत नाही. नियमावल्या, ताळेबंद आणि परिपत्रकं वाचायची मात्र रोजची सवय आहे, आणि पॅरिस ऑलिंपिकनंतर तुमची निवेदनं मी त्याच सवयीने वाचली. या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाला पाठवली आहे. मराठीत जाहीर लिहिते आहे ते इथल्या आईबापांसाठी. पोरांच्या क्लासची फी ते भरतात, स्पर्धांचं प्रवेशशुल्क भरतात, पण हा सगळा कारभार नेमका कोण चालवतं हे त्यांना कोणी सांगत नाही.

तुमच्या कारभाराचं शेवटचं टोक कसं दिसतं ते आधी सांगते. महापालिकेच्या उद्यानात एक पत्र्याची शेड आहे. तिथल्या लादीवर पोरांनी लिनोलियमचा तुकडा अंथरून त्याच्या कडा खाकी टेपने चिकटवल्या आहेत. घामाने आणि धुळीने टेप सुटते, मग कुणाचा तरी पाय अडकतो, की पुन्हा टेप. विंडमिल, म्हणजे जमिनीवर खांद्या-पाठीवर गरगर फिरायची गिरकी, घेताना खांद्याचं हाड जिथे टेकतं, तिथे माझ्या मुलीला घट्टा पडलाय आणि तिच्या प्रत्येक टी-शर्टाला त्याच जागी भोक आहे. या पोरांना ना मैदान, ना फिजिओ. एका मुलाच्या मोबाइलवर तुमची जागतिक क्रमवारी तेवढी उघडलेली असते.

त्या क्रमवारीबद्दलच आधी बोलू.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या प्लास द ला काँकॉर्दवर ब्रेकिंग झालं. जपानची आमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्ण जिंकलं. ऑस्ट्रेलियाची रेगन, म्हणजे रेचेल गन, गटातल्या तिन्ही बॅटल, म्हणजे समोरासमोरच्या लढती, हरली, आणि तिन्ही परीक्षकांच्या मतांत १८-० अशा. सप्टेंबरमध्ये तुमची महिलांची जागतिक क्रमवारी लोकांनी उघडून पाहिली, तर पहिल्या क्रमांकावर रेगन. जगभर हसू झालं. मग तुम्ही खुलासा दिलात: मागच्या बारा महिन्यांतल्या सर्वोत्तम चार कामगिऱ्या धरल्या जातात, ऑलिंपिक आणि त्याआधीची पात्रता मालिका क्रमवारीत मोजली जात नाही, खेळाडूंना ऑलिंपिकवर लक्ष देता यावं म्हणून २०२३ संपल्यापासून पॅरिसपर्यंत क्रमवारीच्या स्पर्धा मुद्दामच ठेवल्या नव्हत्या, आणि रेगनकडे ऑक्टोबर २०२३ च्या ओशनिया अजिंक्यपदाचे १००० गुण होते.

नियमाप्रमाणे सगळं बरोबर. आमच्या पतसंस्थेत असा खुलासा कोणी आणला तर मी सही करणार नाही. बेरीज जुळते म्हणून हिशेब खरा ठरत नाही, हे नव्या कारकुनालाही पहिल्या आठवड्यात कळतं. जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा गुणांत धरायची नाही, जुने गुण एकेक करून मुदतबाह्य होऊ द्यायचे, नवे मिळवायला स्पर्धाच ठेवायच्या नाहीत आणि तरीही यादी 'जागतिक क्रमवारी' म्हणून लावून ठेवायची! ती यादी त्या काळापुरती गोठवली असती, किंवा वर एक ओळ टाकली असती की 'पात्रता काळामुळे ही क्रमवारी अपूर्ण आहे', तरी भागलं असतं. बारा महिन्यांची मुदत तुमची, स्पर्धा न ठेवण्याचा निर्णय तुमचा, म्हणजे यादीचं काय होणार हे दहा महिने आधी कळायला हवं होतं. खुलासा आला तो जग हसून झाल्यावर.

खापर मात्र फुटलं एका बाईच्या डोक्यावर. ती पात्र ठरली ती तुमच्याच पद्धतीने. प्रत्येक खंडाच्या विजेत्याला थेट प्रवेश होता, सिडनीत ओशनियाची स्पर्धा झाली, ती जिंकली. तिने निवड 'मॅनेज' केल्याचा आरोप करणारी ऑनलाइन याचिका फिरली. ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक समितीने ते आरोप खोडून काढले, तरी थट्टा थांबली नाही आणि नोव्हेंबरात तिने आपण यापुढे स्पर्धेत उतरणार नाही असं सांगून टाकलं. तिचं नृत्य मला आवडलं का? नाही. पण तो प्रश्नच नाही. खंडाला एक जागा द्यावी की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आफ्रिकेला आणि ओशनियाला दार उघडं हवं, असं माझंही मत आहे. दार उघडायचं, आणि मग त्या भागात परीक्षक, प्रशिक्षण, स्पर्धा यांपैकी काही पोचवायचं नाही, हा मात्र उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार झाला. त्याची किंमत कल्याणमध्येही मोजली जाते. रेगनने पॅरिसला कांगारूसारख्या उड्या मारल्या होत्या, म्हणून माझ्या मुलीला कॉलेजात पोरं 'कांगारू' म्हणतात. ती हसून सोडून देते, पण क्लासमधल्या दोन मुलींच्या घरच्यांनी त्यांना काढून घेतलं. 'ते टीव्हीवर दाखवलं ते हेच ना?' एवढंच त्यांचं कारण.

आता ऑक्टोबर २०२३ कडे येते. ती गोष्ट आमच्या अगदी दाराशी घडली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं १४१ वं अधिवेशन मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात भरलं होतं. १६ ऑक्टोबरला तिथे लॉस एंजेलिस २०२८ साठी पाच खेळांवर शिक्कामोर्तब झालं: क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रॉस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अर्थातच क्रिकेटचा मथळा. १२८ वर्षांनी क्रिकेट ऑलिंपिकमध्ये येतंय म्हटल्यावर दुसरं काय छापणार? आयोजकांनी २०२२ मध्ये विचारासाठी काढलेल्या नऊ खेळांच्या यादीत ब्रेकिंगही होतं. अंतिम पाचात ते नव्हतं. म्हणजे पॅरिसमध्ये पहिली बॅटल होण्याच्या दहा महिने आधीच पुढच्या वेळचं दार बंद झालं होतं, आणि तेही ब्रेकिंग ज्या देशात जन्मलं त्याच देशातल्या ऑलिंपिकचं. रेगनमुळे ब्रेकिंग गेलं असं जे अजूनही बोललं जातं ते तारखा पाहिल्या तरी खोटं ठरतं. तुम्ही निराशा व्यक्त केलीत. पण लॉस एंजेलिसच्या आयोजकांपुढे तुम्ही काय मांडलं होतं, त्यांनी कोणती कारणं दिली, कुठे कमी पडलो, यातलं काहीही नाचणाऱ्यांपर्यंत आलेलं नाही.

हे पहिल्यांदाही घडलेलं नाही. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये तुमचा डान्सस्पोर्ट पदकांसह आला. स्टँडर्ड आणि लॅटिन हे जोडीने नाचायच्या बॉलरूमचे दोन प्रकार मिळून दहा सुवर्णपदकं होती, दहाही यजमान चीनने नेली. चार वर्षांनी इंचॉनला खेळच गायब. जकार्तालाही नाही. मग हांगझोला परत आला तो ब्रेकिंगच्या रूपात. एकदा आत, मग बाहेर, मग दुसऱ्याच वेषात पुन्हा आत. असं का होतं, याचा एखादा अहवाल तुम्ही कधी केला आहे का? केला असेल तर तो कुठे आहे?

तुमच्या संस्थेचा इतिहास मी वाचला आणि थोडी सहानुभूतीही वाटली. १९५७ मध्ये जर्मनीतल्या व्हीस्बाडेनला हौशी बॉलरूम नर्तकांची परिषद म्हणून सुरुवात. वॉल्ट्झ, टँगो, क्विकस्टेप, रुंबा, जाइव्ह हे तुमचं मूळ घर. १९९७ मध्ये ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली, पण मान्यता म्हणजे प्रवेश नव्हे. सिडनी २००० च्या समारोपाला बॉलरूमच्या जोड्या नाचल्या, स्पर्धेत त्यांना जागा मिळाली नाही. वीस वर्षं उंबरठ्यावर उभं राहिल्यावर २०१८ च्या ब्युनोस आयर्स युवा ऑलिंपिकमध्ये दार उघडलं ते ब्रेकिंगसाठी. आणि ब्रेकिंग १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जन्मलं. गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन वस्तीतल्या पोरांचा तो नाच. तुमच्या टेलकोटवाल्या जोड्यांशी त्याचं नातं इतकंच की दोघंही संगीतावर हलतात. आमच्याकडे लग्नात बँडवाल्यांमागे घुसून फुकट जेवून येणारे असतात. तसं तुम्ही ब्रेकिंगच्या वरातीतून ऑलिंपिकच्या मांडवात शिरलात, असं अनेक जुने ब्रेकर उघड म्हणतात. मला ते पूर्णपणे पटत नाही, कारण वरात तुमच्या कागदपत्रांशिवाय आत गेलीच नसती. पण आत गेल्यावर पंगतीत कोण बसलं, हे विचारायचा त्यांना हक्क आहे.

ब्रेकिंगसाठी तुमच्याकडे स्वतंत्र विभाग आहे, खेळाडू आयोग आहे, हे मला ठाऊक आहे. पण सर्वसाधारण सभेत मत असतं ते राष्ट्रीय संघटनांना, आणि त्यातल्या बहुतेक बॉलरूमवाल्यांनी बॉलरूमसाठी उभ्या केलेल्या. सल्ला द्यायला ब्रेकर, ठराव करायला दुसरेच.

माझी मुलगी या नाचाकडे वळली ती २०१९ मध्ये, रेड बुल बीसी वन या ब्रेकिंग स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी मुंबईत झाली तेव्हा. नेदरलँड्सचा मेनो जिंकला, मुलींत रशियाची कास्तेत. माझ्या पोरीने कास्तेतचा एक फ्रीज, म्हणजे नाचता नाचता एका पवित्र्यात थिजून थांबणं, पाहिला आणि घरी येऊन कपाटावर पाय टेकवून तसंच उलटं थांबायचा प्रयत्न केला. कपाटाची काच आम्ही नंतर बदलली. ही स्पर्धा तुमची नव्हती. जर्मनीत १९९० पासून चालत आलेली 'बॅटल ऑफ द इयर'ही तुमची नव्हती. तुम्ही येण्याआधी हे जग आपल्या पायांवर, खरं तर आपल्या हातांवर, उभं होतं. म्हणूनच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुमच्या घरच्या जुन्या भांडणाची.

मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बॉलरूमच्या जगात 'जागतिक' संस्था दोन. एक तुमची. दुसरी १९५० मध्ये एडिंबरोला स्थापन झालेली व्यावसायिकांची परिषद, आजची वर्ल्ड डान्स काउन्सिल. बरीच वर्षं हौशी तुमच्याकडे आणि व्यावसायिक त्यांच्याकडे, अशी वाटणी होती. मग दोघांनी एकमेकांच्या अंगणात पाय टाकला आणि भांडण चिघळलं. दोघांची वेगळी जागतिक अजिंक्यपदं, वेगळे परीक्षक, वेगळे विजेते. तुमच्या बाजूने मान्यता नसलेल्या स्पर्धेत नाचणाऱ्यांवर निर्बंध आले. ब्लॅकपूलचा नृत्यमहोत्सव १९२० पासून चालू आहे, बॉलरूमवाल्यांची ती पंढरीच. तिथे नाचावं की देशाकडून खेळायची संधी जपावी, अशा पेचात कित्येक जोड्या सापडल्या. नाचणाऱ्याची उमेदीची वर्षं किती थोडी असतात हे तुम्हाला सांगायला नको. ती संस्थांच्या भांडणात गेली.

याबाबतीत कायदा आता बराच स्पष्ट झाला आहे. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने परवानगी नसलेल्या स्पर्धेत उतरणाऱ्या स्केटरांना जबर बंदीची तरतूद केली होती. दोन डच स्केटरांनी तक्रार केली. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये ती तरतूद स्पर्धाविषयक कायद्याविरुद्ध ठरवली आणि २१ डिसेंबर २०२३ ला युरोपीय न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. तुमच्या निम्म्याहून जास्त मोठ्या स्पर्धा युरोपात होत असतील-नसतील, पण तुमचे कितीतरी सदस्यदेश त्या न्यायालयाच्या कक्षेत येतात. निकाल वाचून तुमच्या नियमांत काय बदललंत, हे एका पानात सांगता येईल.

या दुफळीचा आमच्याकडे काय परिणाम होतो? आमच्याकडे 'राष्ट्रीय' आणि 'आंतरराष्ट्रीय' हे शब्द फार स्वस्त आहेत. दर सुट्टीत कुठे ना कुठे 'इंटरनॅशनल डान्स चॅम्पियनशिप' असते. प्रवेशशुल्क, त्यावर पोशाखाचे पैसे, प्रमाणपत्राचे वेगळे, ट्रॉफीचे वेगळे. पालक भरतात, कारण दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतील अशी आशा असते. मग शाळेत प्रमाणपत्र नेलं की कळतं, ते चालत नाही. अशाच एका खुल्या स्पर्धेत माझी मुलगी उपांत्य फेरीत हरली. हरली याचं काही नाही. मी गुणपत्रक मागितलं. आयोजक म्हणाले, 'मॅडम, परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो.' मी म्हटलं, निर्णय अंतिमच राहू दे, मला फक्त कागद दाखवा. कागदच नव्हता. आदल्या दिवशी तिथल्या एका परीक्षकाची पैसे भरून कार्यशाळा झाली होती आणि ती केलेली पोरं स्पर्धेत होती. यात लबाडी झाली असं मी म्हणत नाही. झाली नाही हे दाखवायला काहीच नव्हतं, एवढंच म्हणते.

आणि इथे तुमचं कौतुकही करायला हवं. पॅरिसची परीक्षणपद्धत मला फार आवडली. नऊ परीक्षक; तंत्र, हालचालींचा साठा, सफाई, संगीताची जाण आणि नावीन्य असे पाच निकष; आणि प्रत्येक फेरीनंतर कोणाचं मत कुणाला हे पडद्यावर. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळत होतं की कोण कशात पुढे आहे. मग हीच शिस्त खालच्या स्पर्धांना का नाही? परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला माणूस त्याच स्पर्धकाकडून शिकवणीचे पैसे घेत असतो, ही तर बॉलरूममधली जुनीपुराणी तक्रार. ती वारसाहक्काने ब्रेकिंगला देऊ नका.

मनीझा तलाशबद्दल एकच सांगते. काबूलची ही मुलगी निर्वासितांच्या संघातून आली, पूर्वपात्रता लढतीत तिने 'अफगाण स्त्रियांना मुक्त करा' असं लिहिलेलं वस्त्र पाठीवर उलगडलं आणि तुम्ही तिला अपात्र ठरवलंत. घोषणाबंदीचा नियम ऑलिंपिकचा आहे, मान्य. ती लढत ती हरलीच होती. हरलेल्या मुलीला वरून अपात्र ठरवून काय साधलं, ते मला अजून उमगलेलं नाही. जाता जाता: ती ज्या बी-गर्लशी हरली तिचं नाव इंडिया, देश नेदरलँड्स. पुढे ती चौथी आली. पॅरिसच्या ब्रेकिंगमध्ये 'इंडिया' होती ती एवढीच.

आता मागण्या. मी भावनेचं काही मागत नाही, सगळं कागदावर येणारं आहे.

लॉस एंजेलिस २०२८ साठी तुम्ही केलेलं सादरीकरण आणि त्यावर आलेली उत्तरं प्रसिद्ध करा. ब्रिस्बेन २०३२ साठी कोणाकडे शब्द टाकायचा असेल तर त्याआधी नोंदणीकृत ब्रेकरांचं मत घ्या. ते 'नको' म्हणाले तर तेही छापा.

क्रमवारीच्या नियमात दुरुस्ती करा. ऑलिंपिक आणि पात्रता मालिकेचे गुण धरा. धरायचे नसतील तर त्या काळात यादी गोठवा. खंडीय स्पर्धेचे गुण तिथल्या स्पर्धकांच्या संख्येशी आणि दर्जाशी जोडा. आणि ज्या खंडाला जागा देता तिथे वर्षाला किमान एक परीक्षक-प्रशिक्षण आणि एक क्रमवारी स्पर्धा तुमच्या खर्चाने घ्या.

तुमच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक स्पर्धेचे परीक्षकनिहाय गुण त्याच दिवशी जाहीर व्हावेत. प्रत्येक परीक्षकाने मागच्या बारा महिन्यांत कोणाकोणाला पैसे घेऊन शिकवलं याची यादी आधी द्यावी, आणि त्या स्पर्धकाच्या लढतीत बसू नये.

बाहेरच्या स्पर्धांत नाचल्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही, असं लेखी द्या. ते तुमच्या प्रत्येक राष्ट्रीय सदस्य संघटनेला बंधनकारक करा, नाहीतर कागद लोझानला आणि दंड इथे, असं होईल.

प्रत्येक देशात तुमची अधिकृत संघटना कोणती, तिची निवड चाचणी केव्हा, शुल्क किती, हे तुमच्या संकेतस्थळावर सहज सापडेल असं ठेवा. निवड चाचणीची सूचना निदान तीन महिने आधी निघावी. सदस्य संघटनांचे लेखापरीक्षित हिशेब तिथेच जोडावेत. हे शेवटचं मी व्यवसायामुळे मागते आहे असं समजा हवं तर, पण सगळ्यात आधी हेच करा.

आणि ब्रेकिंगविषयीच्या कोणत्याही ठरावावर ब्रेकरांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना मताधिकार हवा. नुसता सल्ल्याचा नव्हे, नकाराचासुद्धा.

तुमचं उत्तर आलं तर ते मी मराठी भाषांतरासह जसंच्या तसं प्रसिद्ध करेन, माझ्या विरोधात असलं तरी. तीन महिन्यांत आलं नाही, तर हेच प्रश्न घेऊन आम्ही काही पालक आमच्या क्रीडा खात्याकडे आणि ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगाकडे लेखी जाणार आहोत. मसुदा तयार आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एका बी-गर्लची आई
कल्याण, जि. ठाणे